ओदीलाताईची मोरा

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या स्कूलबसच्या यार्डात शरयू इंगोले नोकरीला लागली, त्याच आठवड्यात तिनं जे पाहिलं ते घरी सांगितल्यावर तिचा नवरा सुशांत हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. सकाळची मुलं शाळेत सोडून बस यार्डात परत येतात आणि दुपारच्या फेरीपर्यंत ड्रायव्हर मोकळे असतात. बाहेर गुडघाभर बर्फ. शेजारच्या बसमध्ये साठीची एक बाई, डोक्यावर लोकरीची टोपी, सीटवर एकटीच बसून समोरच्या काचेवर हात फेकत होती आणि बेंबीच्या देठापासून ओरडत होती. हात आणि ओरडणं एकदमच. मधूनच स्वतःवर चिडून कपाळावर मारून घ्यायची, की पुन्हा सुरू.

"डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या," शरयू म्हणाली. "आणि हिच्या हवाली बसभर पोरं!"

दुसऱ्या दिवशी तिला राहवेना. थर्मास घेऊन ती सरळ त्या बसचं दार ठोठावायला गेली.

"कुणाशी भांडतेस?"

"नवऱ्याशी."

"कुठाय तो?"

"वारला. चार वर्षं झाली. अजून जिंकतो मेला." बाईनं शरयूला आपादमस्तक न्याहाळलं. "चहात साखर आहे ना? मग ये आत. दार लाव, हीटर चालू आहे."

ही ओदीला झानोत्तो. मूळची दक्षिण ब्राझीलच्या डोंगराळ भागातली. यार्डात काही जण तिला मेक्सिकन समजत, काही पोलिश. ती कुणाला दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नसे. फोनवर बहिणीशी तासन्‌तास बोलायची ती भाषा कुठली असं कुणी विचारलंच, तर "काही नाही, घरचं बोलणं" एवढं सांगून मोकळी. मुलं दंगा करायला लागली की आरशात नुसती एक नजर टाकायची, मागच्या सीटपर्यंत शांतता. अशी बाई काचेवर हात का फेकते, ते चहाचा दुसरा कप रिकामा होईपर्यंत उलगडलं. ती मोरा खेळत होती.

मोरा म्हणजे काय ते सांगायला दोन वाक्यं पुरतात, खेळायला जन्म. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकाच क्षणी एकेका हाताची बोटं पुढे टाकायची आणि त्याच क्षणी दोघांची मिळून किती बोटं होतील तो आकडा ओरडायचा. ज्याचा आकडा जुळला त्याचा पॉइंट. कुणाचाच जुळला नाही तर लगेच पुन्हा, पुन्हा, पुन्हा. विचार करायला फुरसत नाही. दहाची बेरीज होईल असं वाटलं तर दहा म्हणायचं नाही, "मोरा!" अशी डरकाळी फोडायची. लांबून बघणाऱ्याला वाटतं, आता हे एकमेकांचे डोळे काढणार.

"मला शिकव," शरयू म्हणाली.

पहिल्याच डावात गोंधळ झाला. आपल्याकडच्या बाया हिशेब बोटांच्या पेरांवर करतात. शरयूनं तीन दाखवायचे म्हणून अंगठा पेरावर टेकवला आणि हात पुढे केला. ओदीला त्या हाताकडे बघतच राहिली.

"हे काय? खेळतेस की जप करतेस?"

"हे तीन आहेत."

"मला चार बोटं दिसतात आणि एक लपलेला अंगठा. बोटं उघड, सारायू! कंजूसपणा नको."

शरयू हे नाव तिच्या जिभेला शेवटपर्यंत जमलं नाही. शरयूनं तिला ताई म्हणायला सुरुवात केली, अर्थही सांगितला. ओदीला म्हणाली, "बहीण चालेल. पण हरलीस की रडायचं नाही."

दोन हिवाळे असे गेले. ओदीला ओरडायची "सेते! ओतो! नोवे!" आणि शरयू ओरडायची "सात! आठ! नव!" दोघींना एकमेकींचे आकडे तोंडपाठ झाले. एकदा खेळाच्या भरात ओदीलाचं कोपर रेडिओच्या बटणावर दाबलं गेलं आणि दोन बायांची ती जुंपलेली आरडाओरड रस्त्यावरच्या सगळ्या बसमध्ये घुमली. रेडिओवरून बस हाकणाऱ्या डिस्पॅचरनं घाबरून दोन धिप्पाड मेकॅनिक पाठवले. ते दार उघडून बघतात तर दोघी गाल लाल करून हसताहेत.

"भांडण कुठे आहे?" मेकॅनिकनं विचारलं.

"संपलं," ओदीला म्हणाली. "मी जिंकले."

चहाबरोबर हळूहळू तिचं आयुष्यही बाहेर येत गेलं. तिचे पणजोबा दीडशे वर्षांपूर्वी व्हेनेतो प्रांतातून, म्हणजे व्हेनिस शहराच्या मागे पसरलेल्या मुलखातून, भुकेपायी बोटीत बसून ब्राझीलला गेले. जंगल तोडलं, द्राक्षं लावली. भाषा घेऊन गेले ती व्हेनेशियन. तिकडच्या मातीत थोडी पोर्तुगीज मुरली आणि तिला नाव पडलं तालियान. थंडीच्या संध्याकाळी शेजारीपाजारी एकाच्या घरी जमायचे. बायका गव्हाच्या काड्यांच्या वेण्या विणायच्या टोप्यांसाठी, म्हातारे गोष्टी सांगायचे आणि पुरुष टेबलाभोवती मोरा खेळायचे. पोरींनी खेळायचं नसे. ओदीला दाराच्या फटीतून बघून शिकली, द्राक्षांच्या मळ्यात भावाला हरवून पक्की झाली आणि पुढे ज्या तरुणाला भर लग्नात तिनं मोरात हरवलं त्याच्याशीच तिनं लग्न केलं. दुसऱ्याच्या लग्नात हरवलं होतं, एवढंच.

दुसऱ्या महायुद्धात इटली शत्रूच्या बाजूला, म्हणून ब्राझीलच्या सरकारनं ही भाषा चारचौघांत बोलायला बंदी घातली. ओदीलाचे वडील तेव्हा मिसरूड फुटलेले. बाजारात बैलाला हाक मारली आपल्या भाषेत, म्हणून शिपायानं उचलून कोठडीत टाकलं.

"बैलाला?" शरयूनं विचारलं.

"बैलाला पोर्तुगीज येत नव्हती ना," ओदीला म्हणाली. हसली, पण डोळे हसले नाहीत.

शरयूनं घरी येऊन फोनवर शोधाशोध केली आणि जे सापडलं त्यानं तिचं डोकं आणखी तापलं. व्हेनेशियन ही काही इटालियनची बिघडलेली आवृत्ती नाही. लॅटिनमधून ती आपल्या वाटेनं आली, व्हेनिसच्या दर्यावर्दी राज्याचा कारभार तिच्यात शतकानुशतकं चालला. जग रोज उठून "चाओ" म्हणतं ना, तो शब्द तिचा. आजही लाखो लोक ती बोलतात, आणि इटलीच्या राष्ट्रीय कायद्यात ज्या अल्पसंख्य भाषांची नोंद आहे त्यात तिचं नाव नाही. तिथून गरिबीला कंटाळून गेलेल्यांच्या नातवंडांनी मात्र ब्राझीलमध्ये झगडून तालियानला देशाचा वारसा म्हणून मान्यता मिळवली.

शरयूचं डोकं का तापलं, त्यालाही कारण होतं. ती अकोटची. बोलणं अस्सल वऱ्हाडी. आदल्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत निवेदन करायला तिला सांगितलं होतं आणि ऐन वेळी पुण्याच्या हिमानीनं मधाळ आवाजात विचारलं, "शरयूताई, जरा प्रमाण मराठीत बोलाल का? मुलांना कळायला नको?" मुलं! ती पहिल्या रांगेत बसून आपापसात इंग्रजीत बोलत होती, त्यांना ना पुणं कळत होतं ना अकोट. शरयूनं माइक तिच्या हातात दिला. "घे माय. माह्या तोंडाचं नाही समजत त माह्या तोंडाले कायले बोलावलं?" आणि उकडीचे मोदकही न खाता घरी आली. नारळाचा खव सगळा तिनंच खवून दिला होता, ही गोष्ट वेगळी.

उन्हाळा आला. नेपरव्हिलपासून अर्ध्या तासावर एक इटालियन क्लब आहे. ऑगस्टमध्ये ते जत्रेसारखा उत्सव भरवतात. मोठा तंबू, सॉसेजचा धूर, अकॉर्डियन आणि मोराची स्पर्धा. शरयूनं जाहिरात बघितली आणि नाचतच यार्डात आली.

"ताई, दोघींची जोडी! नाव देऊन टाकू."

ओदीलाचा चेहरा पडला. "मी तिथे तीनदा जाऊन आलेय. तिन्ही वेळा पहिल्याच डावात बाहेर."

"तू? तू बाहेर?"

"तिथे आकडे इटालियनमध्येच बोलायचे असा नियम आहे. मला इटालियन येतं. चाळिशीत शिकले, कॅसेट लावून. पण मोरात काय होतं सांगू? हात सुटतो तेव्हा डोक्यात 'सेते' येतं. मग त्या सेतेला इस्त्री करून 'सेत्ते' करायचं. तोवर बोटं पुढे गेलेली. उशिरा बोललं की पॉइंट गेला. पहिल्या वर्षी तोंडातून आपलंच सुटलं. अध्यक्ष म्हणाला, मॅडम, हा इटालियन खेळ आहे, ब्राझीलचं खेडवळ काहीतरी इथे नको. लोक हसले. माझा वाल्दीर शेजारी उभा होता, त्याचं शेवटचं वर्ष. त्याच्यासमोर हसले."

शरयूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला कप तिनं इतक्या जोरात ठेवला की चहा डॅशबोर्डवर उडाला.

"नियम बदलायचा," ती म्हणाली.

"वेडी आहेस का?"

"हो. तू काचेशी भांडायचीस तेव्हा मला तू वेडी वाटली होतीस. आता माझी पाळी."

"सारायू, ऐक. हरले त्याचं मला काही नाही. पण आता जर गेले आणि पुन्हा हसले, तर मी मोरा सोडेन. काचेसमोरसुद्धा खेळणार नाही. समजलं?"

शरयूला समजलं. बाईचा नवरा गेला, भाऊ गेले, गाव सुटलं. उरला होता तो हात आणि त्या हाताबरोबर सुटणारे दहा शब्द. तेही गेले असते.

उत्सवाच्या दिवशी ऊन रणरणतं होतं. तंबूत नाव नोंदवायच्या टेबलामागे अध्यक्ष विन्स कार्दोने बसला होता. विम्याचा धंदा, दात पांढरेशुभ्र, शर्टावर इटलीचा झेंडा. ओदीलाला बघून त्याचं हसू जरा आखडलं.

"वेलकम बॅक! नियम माहीत आहेत ना?"

"तेच विचारायला आलोय," शरयू म्हणाली. "पंच काय मोजतो? बोटं की व्याकरण?"

"सॉरी?"

"सोपं आहे, भाऊ. ती पाच बोटं दाखवते, समोरचा दोन. बेरीज सात. तिनं तिच्या भाषेत सात म्हटलं तर बेरीज सहा होते का?"

रांगेतले दोघे-तिघे हसले. विन्सनं घसा खाकरला. "पंचाला कळायला हवं ना? इथे वीस गावचे लोक. प्रत्येक जण आपापल्या डायलेक्टमध्ये ओरडायला लागला तर जत्रा होईल."

"मग ही काय आहे?" शरयूनं तंबूकडे हात केला. "पंच कोण आहे? त्यालाच विचारू."

पंच होता तुल्लियो. सत्तरीचा, पांढरा एप्रन, शेजारीच त्याची आइस्क्रीमची गाडी. बेल्लुनोच्या डोंगरातून तरुणपणी अमेरिकेत आला. त्या दऱ्याखोऱ्यांतले लोक पिढ्यान्‌पिढ्या जगभर आइस्क्रीम विकतात. क्लबमध्ये इटालियनबद्दल काही वाद झाला की सगळे त्याच्याकडे बघत, कारण तो 'तिकडचा'. आणि बेल्लुनो येतं व्हेनेतोतच, हे शरयूनं आधीच बघून ठेवलं होतं.

"काका," शरयू म्हणाली. वयस्क माणसाला काका म्हटल्याशिवाय तिचं इंग्रजीसुद्धा पुढे सरकत नसे. "हिचे आकडे तुम्हाला कळतात का?"

तुल्लियोनं बुटांकडे बघितलं. "मी... स्पर्धेत इटालियनच चालतं. नियम आहे."

"नियम नाही विचारला. कळतं का विचारलं."

"थोडंफार. असं काही... ते जुनं, अडाणी लोकांचं..."

ओदीलानं शरयूला कोपरानं बाजूला सारलं आणि तुल्लियोकडे बघून आपल्या भाषेत काहीतरी फाडफाड बोलली. तुल्लियो दचकला, मागे वळून गाडीकडे धावला, झाकण दाबून बंद करता करता ओरडून तितक्याच फाडफाड काहीतरी म्हणाला. मग जागच्या जागी थिजला. तंबूतल्या लोकांनी त्याच्या तोंडून अशी भाषा आजवर ऐकली नव्हती.

"काय म्हणालीस त्याला?" शरयूनं विचारलं.

"म्हटलं, मूर्खा, गाडीचं झाकण उघडं राहिलंय, पिस्त्याचं सूप झालं."

"आणि तो?"

"म्हणाला, मग आधी सांगायला तोंड शिवलं होतं का."

आता मात्र सगळा तंबू हसला. तुल्लियोही हसला, आधी ओशाळून, मग मोकळेपणानं. एप्रनला हात पुसत तो विन्ससमोर आला. "विन्स, कळतं. शब्द न्‌ शब्द कळतो. आमच्या डोंगरात सातला 'सेत' म्हणतात, ही 'सेते' म्हणते, एवढाच फरक. ह्याच बोलण्यापायी शाळेत मास्तरनं माझ्या हातावर पट्टी मारली होती. मला कळत नाही असं कसं म्हणू?"

"पण हिचं बोलणं खरं तर काय आहे माहीत आहे?" तुल्लियो तेवढ्यावर थांबेना. "आमचीच भाषा, फक्त शेवटी उगाच स्वर लावतात."

"उगाच?" ओदीला कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुम्ही शेवटचं अक्षर खाता आणि वर आम्हाला शिकवता? तरी तुम्ही बरे. व्हेनिस शहरातल्यांचं बोलणं ऐकलंस कधी? 'ल' पार गिळून टाकतात. तोंडात तळ्याचं पाणी धरल्यासारखे बोलतात आणि आम्ही खेडवळ!"

"ते मात्र खरं," तुल्लियो म्हणाला.

विन्सला हे हाताबाहेर चाललेलं दिसत होतं. तेवढ्यात मागून दोन भक्कम आवाज आले. साल आणि निक पलुम्बो, दोघे भाऊ, छपरं घालण्याचा धंदा, सलग पाच वर्षं इथले विजेते. हातात सॉसेजचे पाव.

"खेळू दे ना तिला, विन्स," साल म्हणाला. "चिनी भाषेत ओरडली तरी आम्हीच जिंकणार."

विन्सला वाट सापडली. "ठीक आहे. स्पर्धेआधी एक डाव, चॅम्पियनविरुद्ध. ज्याच्या त्याच्या भाषेत. तुम्ही जिंकलात तर नियम गेला, आजपासून, सगळ्यांसाठी. हरलात तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

शरयूनं ओदीलाकडे पाहिलं. ओदीलाचे ओठ पांढरे पडले होते. मग तिनं मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं.

"कबूल," ओदीला म्हणाली. "पण ज्याच्या त्याच्या म्हणजे हिच्याही."

"ही कुठल्या भाषेत बोलणार?"

"मराठीत," शरयू म्हणाली. "तीही अकोटच्या."

तुल्लियोला मराठी आकडे शिकवायला पाचच मिनिटं लागली. शरयू बोट दाखवी, तो मान डोलावत म्हणे. सात, आठ, नव करताना थांबून त्यानं संशयानं विचारलं, "हे तुम्ही आमच्याकडून उचललेत का?"

"तुम्हीच आमच्याकडून नेले असतील, काका. चला आता."

एकवीस पॉइंटचा डाव. जोडीच्या मोराची रीत अशी, की पॉइंट मारणारा खेळत राहतो आणि हरलेल्याच्या जागी त्याचा जोडीदार उभा राहतो. ओदीला टेबलाशी गेली. समोर साल. तुल्लियोनं हात खाली केला.

आणि ओदीला सुटली.

"क्वात्रो! सिये! सेते! सेते! मोरा!"

अशी ओदीला शरयूनं यार्डातही पाहिली नव्हती. खांद्यापासून हात यायचा, टेबलावर आदळायचा आणि आकडा त्याच्या टोकावर असायचा, अंगठ्यावरच्या नखासारखा. इस्त्री नाही, घडी नाही. साल गेला, निक आला. निक गेला, साल आला. सहा पॉइंट सलग. भावांच्या हातातले पाव बाजूला गेले. बाह्या वर गेल्या.

पण पाच वर्षांचे चॅम्पियन काही उगाच होत नाहीत. निकनं ओदीलाची एक लकब पकडली. ती चार टाकायच्या आधी किंचित श्वास ओढायची. तिथून तो मारत सुटला. ओदीला बाहेर, शरयू आत.

"या बाई," निक म्हणाला. "चिनी ऐकू द्या."

"थांब, तुले दाखवते चिनी," शरयू म्हणाली आणि हात फेकला. "आठ!"

आठच होते.

"आठ!" तुल्लियो ओरडला, पंच असून जरा जास्तच आनंदानं.

डाव असा हलत राहिला, कधी इकडे कधी तिकडे. तंबू भरला. अकॉर्डियनवाला वाजवायचं सोडून बाकावर चढला. मराठी आकडे आले की मागची पोरंठोरं त्यांचा कोरस करायला लागली, "पाच! पाच!" बरोबर आलेला सुशांत तंबूच्या खांबाला टेकून शिट्ट्या मारत होता, ऑफिसातल्या कुणी पाहिलं असतं तर ओळखला नसता. दोन्हीकडे एकोणीस झाले तेव्हा शरयू आणि साल समोरासमोर होते. शरयूच्या मानेवरून घाम वाहत होता. सालनं मागच्या दोन्ही वेळा चार टाकले होते, तो आता पुन्हा चार टाकणार हे तिला स्वच्छ दिसत होतं. आपण तीन टाकायचे आणि सात म्हणायचं. बस.

"सात!"

सालनं चारच टाकले. आणि शरयूचा अंगठा जाऊन पेरावर बसला होता. जन्माची सवय. बाकीची चारही बोटं ताठ, उघडी.

"ओत्तो!" साल ओरडला होता.

तुल्लियोनं मोजलं. पुन्हा मोजलं. त्याचा चेहरा उतरला. "चार आणि चार. आठ. पॉइंट पलुम्बो."

"हे तीन आहेत!" शरयू किंचाळली. "आमच्याकडे हे तीनच! कुठल्याही बाईले विचारा!"

"सिन्योरा, बोटं चार आहेत."

बोटं मोजा असं तासाभरापूर्वी शरयूनंच ठणकावलं होतं. ती मागे वळली. ओदीलासमोर उभं राहायची तिला लाज वाटत होती.

"जप!" ओदीला फुत्कारली. "दोन वर्षं सांगतेय! ऐन वेळी जप करत बसलीस! ओस्तिया!" पुढचं ती आपल्या भाषेत बोलली आणि ते काय होतं ते कळून तुल्लियोनं आभाळाकडे पाहिलं. मग तिनं शरयूच्या गालावर ओल्या हाताची एक चापट मारली, मायेची होती पण लागली. "सरक. बघ आता."

वीस विरुद्ध एकोणीस. एक चूक झाली की संपलं. विन्स खुर्चीच्या टोकावर आला. साल आणि ओदीला. तंबूत इतकी शांतता झाली, की बाहेर सॉसेज तडतडताना ऐकू यायला लागले.

"त्रे!" "सेई!" कुणाचाच नाही.

"सिंक्वे!" "सेत्ते!" नाही.

ओदीलानं श्वास ओढला. निकनं ओळखलेली ती लकब त्यानं भावाला सांगितलेलीच होती. साल डोळ्यांनी हसला, ती चार टाकणार. आपण पाच टाकायचे आणि नऊ म्हणायचं.

"नोवे!" सालचा हात पडला, पाचही बोटं.

ओदीलाचाही हात पडला. पाचही बोटं.

"मोराऽऽ!"

तो आवाज तंबूच्या कापडावर जाऊन आपटला. वीस-वीस. सालला कळायला क्षण लागला. "तू मुद्दाम श्वास घेतलास!"

"पंधरा पॉइंट झाले मुद्दाम घेतेय," ओदीला म्हणाली. "भाऊ कुठे आहे तुझा? पाठव."

निक आला. आता त्याला श्वासावर विश्वास ठेवायचा की नाही तेच कळेना आणि मोरात असं ज्याच्या मनात आलं तो मेला. दोन हात कोरे गेले. तिसऱ्याला निक नुसता हात टाकून ओरडायचाच विसरला. ओदीला विसरली नाही.

"सिये!"

तिची चार, त्याची दोन. तुल्लियोनं मोजायची वाटसुद्धा पाहिली नाही. एप्रन डोक्यावरून काढून त्यानं हवेत भिरकावला.

पुढचं कुणाला धड सांगता येत नाही. शरयूनं ओदीलाला उचललं की ओदीलानं शरयूला, यावर दोघींचं अजून एकमत नाही. सुशांत म्हणतो, दोघी एकदमच एकमेकींना उचलत होत्या आणि त्यामुळे कुणीच उचललं गेलं नाही. साल आणि निक शेजारी उभे राहून टाळ्या वाजवत होते. आवाज जरा ओसरल्यावर साल विन्सकडे वळला.

"म्हणजे आता आपण आपल्या भाषेत खेळू शकतो?"

"तुम्ही इटालियनमध्येच खेळता की," विन्स म्हणाला.

"शिकलो म्हणून. आई आमची दक्षिण इटलीतली, बारीची, उभ्या जन्मात इटालियन बोलली नाही. पाच वर्षं जिंकलो ते अर्ध्या वेगानं जिंकलो, विन्स!" आणि निकला ढकलत, "चल, टेबल पकड."

अर्ध्या तासात तंबूचं रूप पालटलं. एका टेबलावर बारीची भाषा गरजत होती, दुसऱ्यावर सिसिलीची. कुणी फ्रिउलीचा म्हातारा बायकोला घेऊन आला आणि तिलाच खेळायला उभं केलं. तुल्लियो टेबलाटेबलांमध्ये धावत आकडे शिकत होता, चुकत होता, शिव्या खात होता. व्हेनिस शहराचा एकजण निघालाच शेवटी. तो ओदीलाला शोधत आला आणि तोंडातल्या पाण्याबद्दल जाब विचारायला लागला.

विन्स कार्दोने मात्र टेबलामागे एकटा बसून होता. शरयूला वाटलं, आता ह्याला चार शब्द सुनवावेत. ती तयारी करून निघाली. पण ओदीला तिच्याआधी पोहोचली आणि विन्ससमोर हात टेकून उभी राहिली.

"ऊठ. खेळ माझ्याशी."

"मी नाही खेळत," विन्स म्हणाला. "मला जमत नाही. कधीच जमलं नाही. लहानपणापासून बघतोय."

"कुठल्या भाषेत खेळायचास?"

"इटालियनमध्ये. संध्याकाळच्या क्लासला जाऊन शिकलोय, आठ वर्षं."

"घरी काय बोलतोस? झोपेत? गाडी आडवी घातली कुणी तर शिवी कशात देतोस?"

विन्सनं शर्टावरच्या झेंड्याकडे बघितलं. मग हळू आवाजात, चोरी पकडल्यासारखा म्हणाला, "इंग्लिशमध्ये."

"मग इंग्लिशमध्ये ओरड," ओदीला म्हणाली. "नियम गेलाय ना? तुझ्यासाठीही गेला."

तो उठला. बिचकत हात पुढे केला. पहिले दोन आकडे पुटपुटल्यासारखे आले. तिसऱ्याला त्याच्या तोंडातून "सेव्हन!" असं काही सुटलं की तो स्वतःच दचकला. बोटं पाहिली. सातच होती. आयुष्यातला पहिला पॉइंट. पन्नाशीचा माणूस जागच्या जागी उडी मारून ओरडला.

"बास बास, नाचू नकोस," ओदीला बाह्या सरसावत म्हणाली. तिचा घसा पार बसला होता, तरी हात खांद्यापासून मागे गेला. "आता तुला हरवते. सारायू, मोज!"